कात्री थांबवा, गोळी पोहोचवा

२०११ च्या जनगणनेत देशभरातली ५४,८५४ लेकरं ‘इतर’ या रकान्यात नोंदली गेली. वय शून्य ते सहा. त्यातली ४,१०१ महाराष्ट्रातली. आकड्यात नोंदणीच्या चुका असतील, धरून चालू. तरीही हजारो घरांत कुणीतरी दारात उभं राहून, जनगणनेला आलेल्या माणसाला सांगितलं की आमचं लेकरू मुलगा म्हणून लिहू नका, मुलगी म्हणूनही लिहू नका. ती लेकरं आता दहावी-बारावीच्या बाकावर किंवा कॉलेजात असतील. सरकारने त्यांना मोजलं. त्यानंतर त्यांच्यासाठी काय केलं?

हा प्रश्न वाशीममधून विचारायला कारण आहे. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. गरोदर बाईची नोंद, बाळंतपण कुठे झालं, बाळाचं वजन किती, हे सगळं इथून दिल्लीपर्यंत कळवलं जातं. राज्यातली जवळपास ९५ टक्के बाळंतपणं आता दवाखान्यात होतात. म्हणजे मानोऱ्याच्या तांड्यावरचं असो की रिसोडच्या पेठेतलं, बाळाला पहिल्यांदा उचलून बघणारे हात बहुतेक वेळा दवाखान्यातल्या नर्सचे असतात. जबाबदारी तिथून सुरू होते.

पण चर्चा भलत्याच गोष्टीची होते. अल्पवयीन मुलांच्या लिंगबदल उपचारांवरची जी भांडणं आपल्या मोबाइलवर येऊन आदळतात, ती सगळी परदेशातली. २८ जानेवारी २०२५ ला अमेरिकेत ट्रम्प यांनी आदेश काढला आणि एकोणीस वर्षांखालच्यांच्या अशा उपचारांमागचा केंद्र सरकारचा पैसा आणि पाठिंबा काढून घेण्याचं ठरवलं. १८ जून २०२५ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टेनेसी राज्याची बंदी सहा विरुद्ध तीन मतांनी कायम ठेवली. इंग्लंडमध्ये डॉ. हिलरी कॅस यांचा अहवाल एप्रिल २०२४ मध्ये आला. पुरावा कमकुवत आहे, सावकाश जा, असं त्यांनी बजावलं. त्या वर्षाच्या डिसेंबरात वयात येणं लांबवणारी औषधं अशा मुलांना नव्याने देण्यावर तिथे अनिश्चित काळासाठी बंदी आली. टेक्सासात किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी घराला हे निर्णय थेट भिडतात. त्यांच्या घरात असं मूल असेल तर त्यांची झोप उडते, आणि ती उडणं साहजिक आहे.

पण आपल्या जिल्ह्यातल्या मालेगावच्या किंवा मंगरूळपीरच्या घराला यातलं काय लागू होतं? परदेशात असे दवाखाने आहेत म्हणून त्यांच्यावर बंदी येते. इथे लहान मुलांच्या हार्मोनचा डॉक्टर गाठायचा तर नागपूर, संभाजीनगर नाहीतर पुणे-मुंबई. इथल्या कुणा पुढाऱ्याने उद्या टेनेसीसारखा कायदा आणा म्हणून भाषण ठोकलं, किंवा त्याच्या उलट बाजूने कुणी सगळं खुलं करा म्हटलं, तरी जिल्ह्यातल्या एकाही लेकराच्या आयुष्यात त्याने फरक पडणार नाही.

आपल्याकडे अल्पवयीन मुलाच्या लिंगावर जो उपचार खरोखर होतो, तो मुलाने मागितलेला नसतो. तो त्याला बोलता येण्याआधीच होऊन गेलेला असतो.

काही बाळं जन्मतात तेव्हा बाहेरचे अवयव बघून मुलगा की मुलगी हे सांगता येत नाही. कधी बाहेरून एक दिसतं आणि पोटात दुसरं असतं. याला इंटरसेक्स म्हणतात. ट्रान्सजेंडर असणं वेगळं आणि हे वेगळं. पण २०१९ मध्ये संसदेने कायदा केला तेव्हा दोघांना एकाच व्याख्येत बसवलं. लेबर रूमच्या बाहेर आजी, आत्या, मामा उभे असतात. “सिस्टर, काय झालं? पोरगं का पोरगी?” सिस्टर आत जाते, डॉक्टरांना घेऊन येते, आणि घरच्यांच्या तोंडचं पाणी पळतं. गावाला काय सांगायचं, बारशाला नाव काय ठेवायचं, उद्या हिजडे येऊन लेकरू मागतील का, असल्या भीतीत पहिली रात्र जाते. मग कुणीतरी सांगतं, मोठ्या शहरात ऑपरेशन करून ‘नीट’ करून देतात.

त्या ऑपरेशनात काय करतात ते स्पष्ट लिहितो, कारण याच ठिकाणी सगळे पुटपुटतात. शिश्निका मोठी वाटली तर कापून लहान करतात. योनीमार्ग नवा करतात, आणि तो पुढे पुन्हा पुन्हा रुंदवावा लागतो. पोटातल्या वृषणग्रंथी काढून टाकतात आणि त्या मुलाला जन्मभर बाहेरून हार्मोन घ्यायला लावतात. यातल्या बहुतेक शस्त्रक्रियांनी जीव वाचत नाही, कारण जीव धोक्यात नसतोच. लघवीची वाट बंद असेल, आतडी-मूत्राशय उघडं असेल, तर ऑपरेशन तातडीने करायलाच हवं, त्यावर कुणाचा वाद नाही. बाकीचं सगळं दिसण्यासाठी चाललेलं असतं. कापून टाकलेली संवेदना पुढे कुठल्याही सर्जनला परत देता येत नाही. आणि त्या लेकराने पंधराव्या वर्षी सांगितलं की मी मुलगी नाही, तर आई-बाप काय उत्तर देणार?

लवकर कापा, म्हणजे मूल त्यातच रुळेल, हा विचार जॉन मनी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने रुजवला. कॅनडातल्या डेव्हिड रायमर या मुलाचं शिश्न सुंतेच्या वेळी यंत्राने जळालं होतं. मनी यांच्या सल्ल्याने १९६७ मध्ये त्या बाळाचं ऑपरेशन झालं आणि त्याला मुलगी म्हणून वाढवलं. जगभर ते यशाचं उदाहरण म्हणून शिकवलं गेलं. तो मुलगा कधीच मुलगी झाला नव्हता. किशोरवयात त्याला खरं कळलं, तो पुन्हा पुरुष म्हणून जगू लागला, आणि २००४ मध्ये त्याने आत्महत्या केली. त्या शिकवणीचा पाया कोसळून आता दोन दशकं झाली. माल्टाने २०१५ मध्ये, जर्मनीने २०२१ मध्ये अशा शस्त्रक्रियांवर कायद्याने बंधन आणलं.

आपल्या देशात हे काम एका लग्नाच्या खटल्यातून झालं. तुतीकोरिनचे अरुणकुमार आणि श्रीजा यांचं लग्न नोंदवायला निबंधकाने नकार दिला. श्रीजा ट्रान्स स्त्री. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाचे न्यायमूर्ती जी. आर. स्वामिनाथन यांनी २२ एप्रिल २०१९ ला लग्न नोंदवायला सांगितलं, आणि तेवढ्यावर न थांबता इंटरसेक्स बाळांवरच्या शस्त्रक्रिया थांबवण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तमिळनाडूने शासन आदेश काढला. जीवाला धोका असेल तरच ऑपरेशन. धोका आहे की नाही हे एकटा सर्जन ठरवणार नाही. बालशल्यचिकित्सक, हार्मोनतज्ज्ञ, समाजसेवक किंवा मानसशास्त्रज्ञ किंवा इंटरसेक्स कार्यकर्ता, आणि सरकारचा एक अधिकारी अशी समिती ठरवेल. न्यायालयाच्या निकालापासून शासन आदेशापर्यंत चार महिन्यांत काम झालं.

केरळात २०२३ मध्ये सात वर्षांच्या एका लेकराचे आई-बाप उच्च न्यायालयात गेले. मूल मुलगी म्हणून वाढवायचं आहे, गुणसूत्रंही मुलीचीच आहेत, डॉक्टर ऑपरेशन सुचवतात पण न्यायालयाच्या आदेशाशिवाय करायला तयार नाहीत, म्हणून परवानगी द्या. या आई-बापांना मी दोष देत नाही. न्यायालयाच्या दारात जाणारे आई-बाप लेकरावर प्रेम करणारेच असतात. न्यायमूर्ती व्ही. जी. अरुण यांनी परवानगी नाकारली. मुलाच्या संमतीशिवाय हे करणं त्याच्या प्रतिष्ठेवर आणि खासगीपणावर आक्रमण आहे, असं त्यांनी ठरवलं. तज्ज्ञांच्या समितीला मूल तपासायला दोन महिने दिले, जीवाला धोका निघाला तर ऑपरेशनची वाट मोकळी ठेवली, आणि अशा शस्त्रक्रियांचं नियमन तीन महिन्यांत करा म्हणून सरकारला सांगितलं. दिल्लीच्या बालहक्क आयोगाने २०२१ मध्येच बंदीची शिफारस केली होती. मदुराईचे कार्यकर्ते गोपी शंकर हाच प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २०२४ मध्ये केंद्राला नोटीस निघाली.

आणि महाराष्ट्र? फुले, आंबेडकर, र. धों. कर्वे यांची नावं प्रत्येक भाषणात घेणाऱ्या या राज्याने तमिळनाडूसारखा, बाळाच्या ऑपरेशनवर थेट बोट ठेवणारा आदेश काढलेला नाही. त्यासाठी विधानसभेत कायदा करायला नको, दिल्लीची परवानगी नको. सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण या दोन खात्यांच्या सचिवांनी मिळून दोन पानं लिहायची आहेत. २०१९ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांवर टाकलेली कामं वाचा: लिंगबदल शस्त्रक्रियेची आणि हार्मोनची सोय, आधी आणि नंतर समुपदेशन, आंतरराष्ट्रीय निकषांनुसार आरोग्य पुस्तिका, विमा. हे सगळं मागणाऱ्यासाठी आहे आणि ते हवंच. न मागता ज्याला कापलं जातं, त्याच्यासाठी त्या कायद्यात एक ओळ नाही.

फौजदारी कायद्यात बारा वर्षांखालच्या मुलाच्या वतीने पालक संमती देतात. मुलाच्या हितासाठी, सद्भावनेने केलेलं असेल तर डॉक्टरवर गुन्हा होत नाही. ही तरतूद अपेंडिक्स फुटलेल्या मुलासाठी योग्यच आहे. पण लेकराचा देह शेजाऱ्यांना विचित्र दिसू नये, हे कुणाचं हित? घरच्यांची लाज आणि लेकराचं हित यांत रेघ ओढायची कामगिरी आज ज्या सर्जनवर टाकली आहे, त्याची फी खासगी दवाखान्यात ऑपरेशनवर अवलंबून असते. ही व्यवस्था वाईट आहे, मग सर्जन कितीही सज्जन असो.

आता गोळीबद्दल. मला या लेखात सगळ्यात जास्त हेच सांगायचं आहे.

मुलीसारखी गुणसूत्रं असूनही बाळाचे अवयव मुलासारखे दिसण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे कंजेनायटल ॲड्रिनल हायपरप्लेजिया. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत एक विकर कमी असतं. त्यामुळे शरीराला लागणारं कॉर्टिसोल तयार होत नाही आणि पुरुषी हार्मोन मात्र गर्भातच जास्त होतं. जन्मल्यावर लोक बघत बसतात अवयवाकडे, आणि जीव जातो मिठामुळे. या आजाराच्या तीव्र प्रकारात शरीरातलं मीठ लघवीवाटे वाहून जातं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाळ ओकायला लागतं, दूध पीत नाही, वजन घटतं, सुस्त पडतं. गावात म्हणतात, दृष्ट लागली, नाहीतर जुलाब-उलटीने गेलं. मुलग्यांत तर बाहेरून काहीच वेगळं दिसत नाही, त्यामुळे ते निदानाशिवायच जातात. घरात आधीचं एक मूल असंच महिन्याच्या आत गेलेलं असतं आणि कुणी ते जोडून बघत नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत हा आजार ५,७६२ बाळांत एकाला आढळला. बारा लाख वस्तीच्या वाशीम जिल्ह्यात वर्षाला अठरा-वीस हजार जन्म धरले तर साधारण तीन बाळं. दर वर्षी तीन. उपचार काय? हायड्रोकॉर्टिसोनची गोळी दिवसातून तीनदा, फ्लुड्रोकॉर्टिसोनची गोळी, तान्ह्या बाळाला थोडं मीठ, आणि ताप आला की डोस वाढवायचा हे आईला शिकवलेलं. महागडं यंत्र नको, परदेशी औषध नको. फ्लुड्रोकॉर्टिसोन २०२२ मध्ये राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत नव्याने घातलं गेलं. यादीत घातलेलं औषध जिल्हा रुग्णालयाच्या खिडकीवर रोज मिळतं का, हे बघायला जिल्हाधिकाऱ्यांना दहा मिनिटं लागतील. त्यांनी ती द्यावीत.

गावात हे हेरणारी व्यक्तीही आधीच नेमलेली आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते, बाळाचं वजन करते. चौदावा आणि एकविसावा दिवस म्हणजे नेमका तोच काळ, ज्यात मिठाचं संकट येतं. तिच्या वहीत एक ओळ वाढवा: अवयव वेगळे वाटतात का, आधीचं बाळ महिन्याच्या आत गेलं होतं का, वजन घटतंय आणि ओकतंय का. उत्तर हो असेल तर त्याच दिवशी गाडी बोलवायची आणि रक्तातलं सोडियम-पोटॅशियम तपासायचं. आशाताईला या कामाचे वेगळे पैसेही द्या. फुकटात वाढवलेली ओळ कुणी भरत नाही, आणि तिने का भरावी?

गोव्याने २००८ मध्ये नवजात बाळांच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन अशा आजारांची तपासणी सुरू केली होती. महाराष्ट्राला हे जमणार नाही असं मानायचं कारण नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशातली सुरुवातच ६ फेब्रुवारी २०१३ ला आपल्या पालघरमधून झाली. त्या कार्यक्रमाची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतात, अठरा वर्षांपर्यंतची मुलं तपासतात. जन्मजात व्यंगांच्या यादीत फाटलेले ओठ आहेत, वाकडी पावलं आहेत, हृदयाला छिद्र आहे, मोतीबिंदू आहे. लिंगविकासातला फरक नाही. यादी करणाऱ्यांनाही हा विषय उच्चारायला जड गेला असावा असं मला वाटतं. तो घाला.

जन्माच्या दाखल्याचंही एक बघा. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळा, आधार, पासपोर्ट, मतदार यादी, सगळ्यासाठी हाच दाखला. त्यामुळे आई-बापांवरचं दडपण वाढलं आहे: एकवीस दिवसांत ठरवा, आणि ठरवलं की आयुष्यभर तेच. तपासण्यांचे निकाल यायला यापेक्षा जास्त वेळ लागू शकतो. अशा बाळाच्या दाखल्यात पुढे बदल करायचा तर एका अर्जात, वकिलाशिवाय, ऑपरेशनचा कागद न मागता व्हायला हवा. हे लिहून दिलं तर निम्मी घाई तिथेच संपेल. कागदाची घाईच बाळाला ऑपरेशनच्या टेबलावर नेते.

मोठ्या झालेल्या लेकरांकडे येतो. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, पाळी येत नाही. आई मैत्रिणींच्या मुलींशी तुलना करते, मग गावातल्या डॉक्टरकडे नेते. सोनोग्राफीत गर्भाशय दिसत नाही. काही जणींची गुणसूत्रं पुरुषाची असतात आणि शरीर पुरुषी हार्मोनला दाद देत नाही. तिथे डॉक्टरने वडिलांना बाहेर नेऊन कुजबुजायचं आणि मुलीला ‘गाठ काढली’ एवढंच सांगायचं, ही पद्धत बंद झाली पाहिजे. ती सोळा वर्षांची आहे. देह तिचा आहे. तिला बसवून, पाणी देऊन, सगळं खरं सांगा. घाईने काढण्यासारखं त्यात सहसा काही नसतं.

आणि ज्याचं शरीर डॉक्टरच्या दृष्टीने अगदी ठीक आहे, पण जे लेकरू म्हणतं की मी तो नाही, मी ती आहे, त्याचं काय? त्याच्यासाठी इथे आज तीन वाटा आहेत आणि तिन्ही वाईट. एक, घरात मार, बाबा-बुवाचा अंगारा आणि लग्न लावून द्या म्हणजे सुधारेल हा सल्ला. दुसरी, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गर्भनिरोधक गोळ्या आणून मुठीने खाणं. मैत्रिणीने सांगितलं म्हणून. रक्तात गुठळी होते, यकृत बिघडतं, आणि कुणी रक्त तपासलेलं नसतं. तिसरी, रेल्वेत बसून पळून जाणं. पुढे कुठल्या तरी शहरात तृतीयपंथी गुरूच्या घरी आसरा, आणि काहींच्या वाट्याला भूल नसलेल्या खोलीत ‘निर्वाण’, म्हणजे लिंग कापून टाकण्याचा विधी.

या लेकरांसाठी माझं मत सरळ आहे. अठराच्या आत शस्त्रक्रिया नको. वयात येणं लांबवणारी औषधं आणि हार्मोन हा एका डॉक्टरच्या एका सहीचा विषय नव्हे. बालमानसतज्ज्ञ आणि हार्मोनतज्ज्ञ यांच्या मंडळाने, मुलाला आणि आई-बापांना पुन्हा पुन्हा भेटून, हाडांवर आणि पुढच्या मूल होण्यावर काय परिणाम होईल ते लिहून देऊन मगच ठरवावं. इंग्लंडमधल्या कॅस यांच्या सावधगिरीत अर्थ आहे. पण त्या अहवालाचं दुसरं अर्धं इथे कुणी वाचत नाही: या मुलांना वाऱ्यावर सोडू नका, त्यांच्या घराजवळ चांगली मानसिक आरोग्य सेवा उभी करा. सावध राहणं म्हणजे काहीच न करणं, असा अर्थ काढणाऱ्यांनी त्या पोरांच्या घरी एक रात्र राहावं.

कारण बोलणं, ऐकणं, धीर देणं याला वयाची अट नाही. राज्यात किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक आहेत. तिथल्या समुपदेशकाला या विषयाचं पाच दिवसांचं नीट प्रशिक्षण द्या. लिंगओळख ‘दुरुस्त’ करून देतो म्हणणाऱ्या डॉक्टरचं वर्तन व्यावसायिक गैरवर्तन आहे, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य परिषदांना कळवलं आहे. त्यामागे मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांचा २०२१ चा आदेश होता. हे पत्र प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लावा. अंगातलं भूत काढतो म्हणून मारहाण करणाऱ्या बाबासाठी तर महाराष्ट्राचा स्वतःचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या रक्तावर उभा राहिलेला तो कायदा अशा लेकरासाठीही वापरा, पोलीस पाटलांना तसं सांगा.

शाळांचं सांगतो. २०२१ मध्ये एनसीईआरटीने ट्रान्सजेंडर मुलांना शाळेत कसं सामावून घ्यावं यावर शिक्षकांसाठी पुस्तिका काढली. राष्ट्रीय बालहक्क आयोगाने हरकत घेतली, त्यात वयात येणं लांबवणाऱ्या औषधांच्या उल्लेखावरही बोट ठेवलं, आणि काही दिवसांत पुस्तिका संकेतस्थळावरून गायब झाली. औषधांची ओळ खटकली असेल तर ती वगळायची होती. मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहात कोंडून मारल्या जाणाऱ्या मुलाला कसं वाचवावं, हे सांगणारी पानं कशाला काढली? जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला आज वर्गातल्या अशा मुलाशी काय बोलावं हे कळत नाही, आणि ते शिकवणारं कुणी त्याच्याकडे आलेलंही नाही.

पोरं मोठी होऊन स्वतःचं नीट सांगू शकतात, याचा दाखला आपल्याच राज्यातल्या बीड जिल्ह्यात आहे. ललित साळवे माजलगावात महिला कॉन्स्टेबल म्हणून पोलिसात होते. घरात, शाळेत, खात्यात सगळीकडे ललिता. तपासणीत वाय गुणसूत्र निघालं. २०१७ मध्ये शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली तर खात्याने नाकारली. महिला म्हणून भरती, पुरुष म्हणून नोकरी कशी चालेल, हा पेच. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, शेवटी राज्य सरकारने मान्यता दिली आणि मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. तिशीच्या उंबरठ्यावर, स्वतःच्या तोंडाने मागून. मराठवाड्यातल्या साध्या घरातला माणूस इतक्या ठामपणे उभा राहिला, याचा मला अभिमान वाटतो. त्यांना सरकारने जन्मतः ओळखलं असतं, वयात येताना डॉक्टर दिला असता, तर पंचवीस वर्षांची कोंडी टळली असती.

बाळाचं ऑपरेशन थांबवा म्हटलं की एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो खरा आहे. आई-बाप म्हणतात, साहेब, तुम्ही थांबा म्हणता, पण रोज नदीवर, अंगणवाडीत, लग्नात लेकराला झाकून न्यायचं आम्हाला. पोरं हसतात. उद्या सोयरिक कोण करील? या भीतीला मी हलकं लेखणार नाही. म्हणूनच नुसता बंदीचा आदेश पुरणार नाही. थांबायला सांगणाऱ्या सरकारने त्या आईच्या शेजारी बसणारा माणूस द्यायला हवा: महिन्यातून एकदा जिल्ह्याच्या ठिकाणी येणारा हार्मोनतज्ज्ञ, फोन उचलणारी समुपदेशक, अशाच दुसऱ्या घराची गाठ घालून देणारी एखादी बैठक. अकोला किंवा नागपूरच्या शासकीय महाविद्यालयातून डॉक्टर महिन्याला एक दिवस वाशीमला येऊ शकतात. दुसऱ्या आजारांसाठी शिबिरं भरतातच.

आई-बापांच्या गरिबीचा मुद्दाही त्यात आहे. तृतीयपंथी व्यक्तींसाठी आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांचं संरक्षण देण्याचा करार ऑगस्ट २०२२ मध्ये झाला. त्यासाठी ओळखपत्र लागतं, आणि ते अल्पवयीनासाठी मागायचं तर २०१९ च्या कायद्याने अर्ज आई-बापांवर सोपवला. दोन महिन्यांच्या बाळाच्या नावावर तृतीयपंथी म्हणून ओळखपत्र काढायला कोणती आई जाईल? कंजेनायटल ॲड्रिनल हायपरप्लेजियाच्या बाळाला ओळखीच्या कार्डाशिवाय, फक्त निदानाच्या चिठ्ठीवर, जन्मभर गोळी मोफत मिळाली पाहिजे. मधुमेहाच्या मुलाला आपण इन्सुलिनसाठी त्याची ओळख विचारत नाही.

वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. ९ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांनी राज्यातल्या ज्या दहा महाविद्यालयांचं दूरदृश्य प्रणालीने उद्घाटन केलं, त्यात ते होतं.  या महाविद्यालयाची पहिली तुकडी २०२९ च्या सुमारास इंटर्न म्हणून लेबर रूममध्ये उभी राहील. तिच्यातला कुणी तरुण डॉक्टर रात्री दोन वाजता असं बाळ हातात घेईल. तेव्हा भिंतीवर शासन आदेश लावलेला असावा, कपाटात हायड्रोकॉर्टिसोन असावं, सोडियम तपासणारी प्रयोगशाळा रात्रीही सुरू असावी, आणि बाहेर उभ्या आजीला काय सांगायचं हे त्या डॉक्टरला शिकवलेलं असावं. आरोग्यमंत्र्यांनी आणि वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांनी विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात सांगावं, ती दोन पानं कधी निघणार.